कोपरापुढचे वजन

मेटल डिटेक्टर घेऊ पाहणारा माणूस यंत्र किती खोलवरचे नाणे ओळखते हे आधी विचारतो, मग किंमत विचारतो, आणि वजनाची चौकशी केलीच तर जाता जाता करतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. वाळूच्या पट्ट्यात किंवा नांगरून पडलेल्या रानात, जमिनीच्या मालकाची परवानगी घेऊन, माणूस एकदा उतरला की तीन-चार तास कसे जातात ते कळत नाही. एका झोक्याला दोन सेकंद धरले तर तासाला १८०० झोके होतात, आणि प्रत्येक झोक्याच्या शेवटी दांड्याच्या टोकाची ती कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरणारी तबकडी, थांबवून पुन्हा उलट दिशेला न्यावी लागते. यंत्र नुसते उचलून धरण्यापेक्षा हे थांबवणे आणि वळवणेच मनगटाला अधिक जड जाते.

माहितीपत्रकात यंत्राचे वजन दिलेले असते, पण ते वजन नेमके कुठे आहे हे दिलेले नसते, आणि हाताला फरक पडतो तो त्याचाच. अर्ध्या किलोची कॉइल कोपरापासून ९० सेंटीमीटरवर आणि मूठ ३० सेंटीमीटरवर असेल, तर तरफेच्या साध्या हिशोबाने तळहातावर त्या अर्ध्या किलोचे दीड किलो होतात. म्हणूनच काही यंत्रांत बॅटरीचा डबा कोपराच्या मागे बसवलेला असतो. एकूण वजन त्याने कमी होत नाही, मात्र मागचा भार पुढच्या भाराला थोडा तोलून धरतो आणि तेच यंत्र हलके वाटू लागते. दुकानात यंत्र हातात घेतल्यावर मूठ किंचित सैल सोडून पाहावी. कॉइल लगेच खाली झुकली तर तो झोक पुढे कितीतरी तास मनगटालाच सावरायचा आहे, हे ध्यानात घेऊनच पैसे मोजावेत.

आजची यंत्रे तशी बरीच सुटसुटीत आहेत. माइनलॅबच्या इक्विनॉक्स ८०० चे वजन १.३४ किलो आहे आणि एक्सपीच्या ड्यूस २ चे अवघे ७५० ग्रॅम. सोन्याचे खडे शोधणाऱ्यांचे जीपीझेड ७००० मात्र तीन किलोंच्या वर जाते, आणि त्याचा भार खांद्यावर व कमरेवर घेणारे पट्टे ही तिथे चैन नसून गरज असते. तरीही जुन्या काळाच्या मानाने हे काहीच नाही. युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने दुसऱ्या महायुद्धात तयार केलेले, १९४२ च्या एल अलामेनच्या लढाईत वापरले गेलेले सुरुंगशोधक यंत्र सुमारे १४ किलोंचे होते, आणि ते एकट्या सैनिकाला चालवता येते हेच त्याचे मोठे कौतुक होते. त्याच्याही आधी, १८८१ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी हुडकण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपले उपकरण घेऊन गेले होते. गोळी सापडली नाही, आणि त्याच्या कारणांमध्ये रुग्णाच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांचेही नाव घेतले जाते. धातुशोधनाच्या इतिहासात आरामदायी बिछाना असा आडवा आल्याचे पाहून मला आजही गंमत वाटते.

यंत्र कितीही उत्तम असले तरी ते अंगाबेताने बसवून घेतले नाही तर सगळे मुसळ केरात. हाताचा टेकू कोपराच्या लगेच खाली यावा. तो मनगटाकडे सरकला तर दांडा अंतराअंतराने हिसका देत राहतो, आणि कोपराच्या सांध्यावरच आला तर तिथली कातडी सोलवटते. मग सरळ उभे राहून, खांदा न उचलता, कॉइल पावलापुढे जेमतेम एका पावलावर जमिनीला समांतर राहील इतकीच दांड्याची लांबी ठेवावी. लांबी कमी पडली की माणूस कमरेत वाकतो, आणि जास्त झाली की कॉइल दूर जाऊन वर सांगितलेला तरफेचा हिशोब आणखी महाग पडतो. मूठ गच्च आवळण्याची सवय तर मुद्दाम मोडावी लागते, कारण मनगट सावरणाऱ्या ज्या स्नायूंना त्यामुळे ताण बसतो ते कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यापाशी सुरू होतात, आणि टेनिस एल्बो म्हणतात ते दुखणे तिथेच मुरते. बोटांनी दांडा फक्त दिशा दाखवण्यापुरता धरावा आणि झोका खांद्यातून, थोडा कमरेतूनही, येऊ द्यावा.

हे सारे केवळ अंगदुखी टाळण्यासाठी आहे असे समजू नये. हात दमला की झोका सपाट राहत नाही. दोन्ही टोकांना कॉइल चार-पाच सेंटीमीटर वर उचलली जाते आणि दमलेल्या माणसाला स्वतःला ते कळतही नाही. कॉइलपासून दूर असलेल्या लहान वस्तूचा संकेत अंतराच्या सुमारे सहाव्या घाताने क्षीण होतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले तर संकेत ६४ पटींनी उतरतो. खोलीसाठी जास्तीचे पैसे मोजून मोठी, जड कॉइल लावायची आणि दुसऱ्या तासापासून ती खोली हवेत घालवायची, असा उफराटा व्यवहार बरेच जण करतात. दिवसभर फिरायचे असेल तर मी लहान कॉइलच लावतो.

हेडफोनची तार झुडपात अडकते, त्यामुळे बिनतारी बरा. बुटांच्या चवड्यात पोलादी टोपी नसावी, नाहीतर कॉइल पायाजवळून गेली की यंत्र आपल्याच बुटाची बातमी देते.

मात्र सर्वांत मोठी झीज हातांची नसते, गुडघ्यांची असते, आणि तिचा उल्लेख कोणत्याही जाहिरातीत मला आढळलेला नाही. आवाज आला की बसायचे, माती उकरायची, सापडलेले बाटलीचे झाकण पिशवीत टाकायचे, खड्डा बुजवायचा आणि उठायचे. गुडघ्याखाली जाड पॅड, लांब दांड्याचे फावडे आणि मातीच्या ढेकळातली वस्तू चटकन दाखवणारा हातातला पिनपॉइंटर यांनी ही उठबस सुसह्य होते, पण तिची संख्या कमी होते ती यंत्रातल्या निवडीच्या सोयीने, जी नको असलेल्या धातूंचा आवाज गाळून टाकते. तिच्यातही एक मेख आहे: डब्याच्या झाकणाची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी यांचे आकडे पडद्यावर पुष्कळदा सारखेच दिसतात, म्हणून कडी गाळली की अंगठीही गाळली जाण्याचा धोका असतो. उमेद ताजी असताना प्रत्येक शंकास्पद आवाजासाठी माणूस हौसेने बसतो, आणि उन्हे चढल्यावर मात्र तोच आवाज ऐकून 'कडीच असणार' असे मनाला पटवत पुढे निघतो. त्यामुळे ज्या जागी अंगठ्या मिळण्याची शक्यता अधिक, तिथून मी सुरुवात करतो आणि तिथे सगळे खणून काढतो. पुढच्या जागेत निवड कडक ठेवून फक्त स्वच्छ, दोन्ही बाजूंच्या झोक्यांत सारखा येणाऱ्या आवाजासाठीच खाली बसतो.