'अज्ञान' म्हणजे कोण? विधी प्रवेशपरीक्षेच्या तयारीविषयी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी पुतणी विधी अभ्यासक्रमाच्या सीईटीचे सराव प्रश्न घेऊन माझ्यासमोर बसली होती. तिचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे आणि बारावीनंतर तिला पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला जायचे आहे. एका प्रश्नात तत्त्व दिले होते की अज्ञान व्यक्तीने केलेला करार शून्य असतो. त्याखाली घटना अशी होती की वडिलांच्या आजारपणात दोन वर्षे दुकान एकट्याने सांभाळणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाने एका घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर माल घेतला आणि नंतर पैसे देण्यास नकार दिला. व्यापाऱ्याला त्या कराराच्या आधारे दावा लावता येईल का, असा प्रश्न होता. पुतणीने 'होय' या पर्यायावर खूण केली आणि मला म्हणाली, "काका, तो मुलगा दुकान चालवतो, भाव ठरवतो, उधारी मागतो. त्याला अज्ञान कसं म्हणता येईल?"

तिच्या विचारात खोट नव्हती. तिने शब्द घरचा घेतला होता. कायद्याच्या मराठीत 'अज्ञान' म्हणजे ज्याला काही कळत नाही असा माणूस नव्हे, तर ज्याचे वय अठरा वर्षे पूर्ण झालेले नाही असा माणूस. तो कितीही हुशार असला तरी कायद्याच्या लेखी अज्ञानच. 'शून्य' या शब्दाचेही तसेच आहे. शून्य करार म्हणजे कायद्याच्या दृष्टीने जो कधी झालाच नाही असा करार. मी तिला कलकत्त्याच्या धर्मोदास घोष यांची हकीकत सांगितली. कायद्याच्या लेखी अज्ञान असतानाच त्यांनी एका सावकाराकडे घर गहाण ठेवले होते, आणि सावकाराच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्याला ते ठाऊक होते. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, तो गहाणव्यवहार शून्य ठरवला आणि आजही विधी महाविद्यालयात कराराचा कायदा शिकवताना हा निवाडा वगळता येत नाही. हकीकत ऐकल्यावर तिला ते तत्त्व पाठ करावे लागले नाही.

मी गेली अनेक वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि दरवर्षी तालुक्यातील काही मुले-मुली प्रवेशाविषयी विचारायला येतात. त्यांना पाहून माझे एक मत पक्के झाले आहे. विधी शाखेची जागा हातची जाते ती बहुतेक वेळा बुद्धी कमी पडल्यामुळे नव्हे, तर समोर जे लिहिले आहे ते नीट न वाचल्यामुळे. हे प्रश्नपत्रिकेला लागू आहे, माहितीपुस्तिकेला लागू आहे आणि स्वतःच्या दाखल्यांना तर सर्वाधिक लागू आहे.

परीक्षा कोणती द्यायची, हा पहिला निर्णय. महाराष्ट्रातील शासकीय आणि खासगी विधी महाविद्यालयांचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतात. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ही परीक्षा वेगवेगळी असते. १८५५ साली सुरू झालेले मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ पासून काही वर्षे प्राचार्य होते, किंवा १९२४ साली स्थापन झालेले पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय, या दोन्ही ठिकाणचा रस्ता याच परीक्षेतून जातो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी मात्र क्लॅट ही देशपातळीवरची वेगळी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. ती डिसेंबरच्या सुमारास होते, संपूर्ण इंग्रजीत असते आणि तिथे प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे पाव गुण कापला जातो. या विद्यापीठांची वर्षाची फी लाखांच्या घरात जाते. ज्या घराला ते झेपणारे नाही, तिथल्या मुलाने क्लॅटसाठी दोन वर्षे आणि क्लासची मोठी रक्कम खर्च करण्याआधी घरी मोकळेपणाने बोलावे. शासकीय महाविद्यालयातून शिकूनही उत्तम वकील होता येते, हे मी आमच्या वकील संघात रोज पाहतो. १४ मे २०२५ रोजी देशाचे सरन्यायाधीश झालेले भूषण गवई अमरावती विद्यापीठातून कायदा शिकले, हेही मुलांना मी आवर्जून सांगतो.

राज्याच्या सीईटीत २०२५ पासून १२० प्रश्न आणि १२० मिनिटे आहेत. त्यापूर्वी प्रश्न १५० होते, त्यामुळे जुन्या पुस्तकांतील वेळेची गणिते आता चालत नाहीत. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी विधी अभियोग्यतेचे (लीगल ॲप्टिट्यूड) ३२, तर्कबुद्धीचे ३२, सामान्य ज्ञानाचे २४, इंग्रजीचे २४ आणि गणिताचे ८ प्रश्न असतात. तीन वर्षांच्या परीक्षेत गणित नाही आणि एकट्या इंग्रजीचे ४० प्रश्न आहेत. मराठी माध्यमातून पदवी घेतलेल्यांनी ही गोष्ट पहिल्याच दिवशी लक्षात घ्यावी, कारण एक तृतीयांश परीक्षा तिथेच आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसल्यामुळे या परीक्षेत एकही प्रश्न कोरा सोडण्याचे कारण नाही. तरीही शेवटच्या पाच मिनिटांत दहा प्रश्न राहून गेल्याचे सांगणारी मुले मला दरवर्षी भेटतात, आणि त्यांच्याबद्दल खरोखर वाईट वाटते.

इंग्रजी वगळता बाकीचे प्रश्न मराठीतही असतात. माझा सल्ला असा आहे की मराठीतून परीक्षा देणाऱ्यानेही सराव दोन्ही भाषांत करावा. कायद्याची मराठी परिभाषा अचूक आहे, परंतु ती घरात बोलली जात नाही. 'अज्ञान', 'शून्य', 'वाद', 'हितसंबंध', 'निष्काळजीपणा' या शब्दांना तिथे ठरलेले अर्थ आहेत. एक लहान वही करून डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला त्याचा इंग्रजी प्रतिशब्द आणि खाली एका ओळीत एखादे उदाहरण लिहावे. माझ्या पुतणीच्या वहीत आज असे दोनशेहून अधिक शब्द आहेत, आणि वाक्य मराठीत अडले की ती इंग्रजीत सोडवते, इंग्रजीत अडले की मराठीत.

तत्त्व आणि घटना अशा स्वरूपाच्या प्रश्नांत सर्वांत मोठा अडथळा असतो तो आपल्या न्यायबुद्धीचा. व्यापाऱ्याने माल दिला, पैसे बुडाले, हा अन्याय आहे असे मन म्हणते, आणि हात 'होय'कडे जातो. परीक्षक मात्र एवढेच विचारत असतो की दिलेले तत्त्व दिलेल्या घटनेला लावले तर काय निघते. वाक्यातील 'आणि', 'किंवा', 'जर', 'मात्र' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढण्याची सवय मी लावतो. संगणकावरच्या परीक्षेत रेघ ओढता येत नाही, पण सवय झालेली नजर तिथेही त्या शब्दांवर थांबते. तत्त्वात 'संमतीने आणि जाणीवपूर्वक' असे लिहिले असेल तर एकट्या संमतीने भागत नाही, हे दहा-वीस प्रश्न सोडवल्यावर आपोआप कळू लागते. हीच नजर पुढे करारनामा किंवा खरेदीखत वाचताना लागते, त्यामुळे या तयारीचा एकही तास वाया जात नाही, असे मी मनापासून मानतो.

सामान्य ज्ञानासाठी जाडजूड संग्रह पाठ करण्यापेक्षा रोज एक मराठी आणि शक्य असल्यास एक इंग्रजी दैनिक वाचावे, आणि न्यायालयीन बातम्यांना अधिक वेळ द्यावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते आता १०३ आहे. जुन्या प्रतीच्या गाईडमध्ये अजूनही जुनीच कलमे छापलेली आढळतात, म्हणून पुस्तक विकत घेण्यापूर्वी त्याचे आवृत्तीचे वर्ष पाहावे. आमच्या भागातील मुलांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचची माहितीही नीट वाचावी. ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झाल्यामुळे सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची वारी वाचली आहे, आणि आज प्रवेश घेणाऱ्या मुलांना पुढे उच्च न्यायालयात वकिली करण्यासाठी घर सोडावेच लागेल असे राहिलेले नाही.

गणिताच्या आठ प्रश्नांसाठी दहावीपर्यंतचे टक्केवारी, सरासरी, नफा-तोटा पुरेसे आहे. क्लास लावावा की नाही, याला सरसकट उत्तर नाही; मागील प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणारा आणि प्रत्येक चुकीचे कारण लिहून ठेवणारा विद्यार्थी क्लासशिवायही पुरा पडतो.

आता दाखल्यांविषयी, कारण इथे झालेले नुकसान भरून निघत नाही. काही वर्षांपूर्वी एका शेतकरी कुटुंबातील मुलगा चांगले गुण मिळवूनही पहिल्या फेरीत मिळालेल्या महाविद्यालयात प्रवेश घेऊ शकला नाही. त्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव 'ज्ञानदेव' होते आणि जातीच्या दाखल्यावर 'ज्ञानेश्वर'. गावात दोन्ही नावे एकाच माणसाची म्हणून चालत होती, परंतु कागदावर ती दोन माणसे झाली. दुरुस्तीसाठी तो एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिला आणि तोपर्यंत मुदत संपली. तो मुलगा माझ्या कार्यालयात बाकावर बसून रडला होता, आणि त्याला लवकर कुणी सांगितले असते तर हे टळले असते, ही बोच मला आजही आहे.

म्हणून बारावीचे किंवा पदवीचे शेवटचे वर्ष सुरू होताच सर्व कागद एका टेबलावर मांडावेत: शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार, डोमिसाईल आणि लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रिमीलेअर, उत्पन्नाचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला. प्रत्येक कागदावरील स्वतःचे, वडिलांचे आणि आईचे नाव अक्षरशः ताडून पाहावे, मराठीत आणि इंग्रजीतही. जात वैधतेचे प्रकरण पडताळणी समितीकडे दाखल करण्यासाठी परीक्षेच्या निकालाची वाट पाहू नये, कारण त्याला महिने लागू शकतात. नॉन क्रिमीलेअरवरील वैधतेची तारीख वाचावी. दाखला आहे म्हणून निश्चिंत असलेल्यांची मुदत उलटून गेलेली असते.

कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालयांचा पसंतीक्रम, भरताना महाविद्यालयांची नावे ऐकीव कीर्तीवर क्रमाने लावू नयेत. बार कौन्सिल या वकिली व्यवसायाच्या नियामक संस्थेची मान्यता, वसतिगृह, येण्याजाण्याचा खर्च आणि तिथे तास खरोखर होतात का, याची चौकशी त्याच महाविद्यालयातील दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडे करावी. नोकरी सांभाळून नावापुरता प्रवेश घेऊ, असा विचार करणाऱ्यांनी प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरीचा बार कौन्सिलचा नियम आधी वाचावा. ज्यांना न्यायाधीश व्हायचे आहे त्यांच्यासाठीही एक गोष्ट बदलली आहे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली आहे, त्यामुळे पदवी घेऊन थेट परीक्षेला बसण्याचे वेळापत्रक आखलेल्या घरांनी ती तीन वर्षे, आणि त्या काळातील तुटपुंजी मिळकत, हिशेबात धरावी.

पुतणीचे दाखले आम्ही मागच्या महिन्यात तपासले. आधारवर तिच्या आईच्या नावात एक 'ए' जास्तीचा आहे. दुरुस्तीचा अर्ज दिला आहे, आणि त्याची पोच तिने शब्दांच्या त्याच वहीत, पहिल्या पानाला टाचून ठेवली आहे.