सात मीटरचा चंद्र आणि आईचा ससा

पोस्टरवर 'इमर्सिव्ह' दिसलं की मी हल्ली आधी तिकिटाचा आकडा बघते. काळा हॉल, चारी भिंतींवर प्रोजेक्टर, गरगरणाऱ्या गॅलेक्सी, छातीत धडधडणारा बेस आणि बाहेर पडताना सेल्फी पॉइंट, या सगळ्यात अवकाश कुठे असतं कुणास ठाऊक. पण आई इंग्लंडला आलेली असताना आम्ही 'म्युझियम ऑफ द मून' बघितलं, एका जुन्या कॅथिड्रलमध्ये टांगलेलं, आणि ते प्रकरणच वेगळं निघालं.

आहे काय, तर 7 मीटर व्यासाचा एक फुगा, आतून दिवे लावलेला, आणि त्यावर नासाच्या, चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाने काढलेल्या फोटोंवरून छापलेला अख्खा चंद्र. बस्स. ल्यूक जेरम हा ब्रिस्टलचा कलाकार, रोज सायकलवरून एव्हॉन नदी ओलांडायचा, तिथे भरती-ओहोटीत तब्बल 13 मीटरपर्यंत फरक पडतो, त्यावरून याच्या डोक्यात चंद्र बसला. फ्रान्सच्या रेन शहरात तर त्यांनी हा चंद्र चक्क स्विमिंग पूलवर टांगला होता, लोक खाली पोहत होते!

आई आल्या आल्या ससा शोधायला लागली. सापडला लगेच. मग आम्ही चालत मागच्या बाजूला गेलो तर ससा गायब, काळे डाग जवळजवळ नाहीतच, नुसती विवरंच विवरं. "अगं, हा दुसराच कुठला तरी ग्रह लावलाय मागे," आई म्हणाली. बरोबरच आहे की तिचं, पृथ्वीवरून ही बाजू कधीच दिसत नाही, पहिला फोटो 1959 मध्ये सोव्हिएत रशियाच्या लुना-3 यानाने काढला. काळे डाग म्हणजे थिजलेला लाव्हा, आपल्या बाजूला कवच पातळ म्हणून तो इकडे जास्त वर आला असं मानतात. हे सगळं मी वाचलेलं होतं, पण पायी चालत चंद्राच्या मागे जाऊन बघणं वेगळंच हो.

इथे 1 सेंटीमीटर म्हणजे चंद्रावरचे 5 किलोमीटर. मी लगेच हिशेब करत बसले (सवय!). मुंबई-पुणे एक्सप्रेसवे साधारण 19 सेंटीमीटर, चंद्रावरचं टायको विवर 17. आणि आपलं लोणार? साडेतीन मिलिमीटर, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. याच मापाने पृथ्वी करायची तर ती पंचवीसेक मीटरची होईल आणि पाऊण किलोमीटर लांब, म्हणजे कॅथिड्रलच्या बाहेर, पार बाजाराच्या पलीकडे टांगावी लागेल. बरोबर खाली उभं राहिलं की दक्षिण ध्रुव डोक्यावर येतो, तिथून थोडं बाजूला आपलं चांद्रयान-3 उतरलंय. आईने नमस्कार केला, विक्रमला की चंद्राला ते विचारलं नाही मी.

आता म्युझिक. डॅन जोन्सने केलंय, सराउंड साउंड, चारी बाजूंनी येतं पण अंगावर येत नाही. आधी मला वाटलं अजून सुरूच झालं नाही, इतकं संथ. पण त्यामुळेच असेल, लोक बोलायचे थांबतात, मग बसतात आणि थोड्या वेळाने सरळ फरशीवर आडवे होतात, कुणी सांगावं लागत नाही. तो धडधडणारा बेस असता तर दहा मिनिटांत सगळे बाहेर कॉफी प्यायला गेले असते असं माझं स्पष्ट मत आहे.

जेरमने नंतर पृथ्वी केली, मंगळ केला, आणि सूर्यही, तोही 7 मीटरचाच. तिथे 1 सेंटीमीटरला 2000 किलोमीटर, म्हणजे आख्खी पृथ्वी सहा-साडेसहा सेंटीमीटरची. तो अजून बघायचाय. तुमच्या शहरात यातलं काही आलं तर दिवस मावळल्यावर जा, दिवसा खिडक्यांतून उजेड येतो आणि चंद्र फिका पडतो. आणि फरशी गार असते, शाल न्या, आई अजून कंबरेवरून बोलतेय मला.