सामाईक विहीर आणि प्रभुभोजनाच्या आदला शनिवार

प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या, आदल्या दिवशी पाळकाकडे येणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा प्रार्थना नको असते, निवाडा हवा असतो. धुळे तालुक्यातल्या पांझराकाठच्या एका ख्रिस्ती मंडळीतला थोरला भाऊ माझ्याकडे असाच आला. ओळख पटू नये म्हणून इथे तपशील थोडे फिरवले आहेत. माणूस मंडळीचा वडील, म्हणजे कारभार पाहणारा ज्येष्ठ सभासद, म्हणून काम केलेला. पण गेले काही महिने प्याला समोर आला की न घेता पुढे देतो, हे सगळ्यांच्या लक्षात आलेलं. बसल्या बसल्या म्हणाला, "पास्टर, माले त्यानं तोंड देखानं नही. आनि उद्या भोजन शे."

'तो' म्हणजे धाकटा भाऊ. राग कशाचा असं विचारलं की पहिलं उत्तर नेहमी स्वभावाचं येतं: तो लबाड, तो बायकोच्या ऐकण्यातला. अशा गोष्टीची क्षमा करता येत नाही, कारण तिला ना तारीख असते ना माप. म्हणून कोरा कागद पुढे केला. त्याने काय केलं, कधी केलं, तुमचं किती गेलं, एवढंच लिहा. 'नेहमी' आणि 'कधीच' हे शब्द लिहायचे नाहीत. अर्ध्या तासाच्या बडबडीतून कागदावर चारच ओळी उतरल्या. विहीर दोघांत निम्मी, सातबाऱ्याच्या इतर हक्कात तशी नोंद. पाण्याची पाळी चार-चार दिवसांची. थोरल्याच्या पाळीत रात्री पाणी धाकट्याच्या रानात गेलं, तेही ऐन बोंडं धरायच्या वेळी. पाते (कळ्या) गळाले, दोन एकरांत सहा क्विंटल कापूस घटला. सात हजारांचा भाव धरून त्याने बेचाळीस हजारांचा आकडा मांडला.

इथे घाई नडते. "झालं गेलं विसरा, ख्रिस्ताने क्षमा केली ना" असं म्हटलं की माणूस मान डोलावतो, घरी जातो आणि कडूपण तसंच राहतं. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातला दाखला मी त्याच्यापुढे मांडला तो हिशोबासकट: राजाने ज्याचं कर्ज माफ केलं, तोच चाकर आपल्या सोबतच्या चाकराला कर्जासाठी धरतो. त्या दुसऱ्या चाकराकडे १०० दिनार येणे होते. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. आज तीनशे रुपये रोज धरला तर ३०,००० होतात, म्हणजे फुटकळ रक्कम नव्हे. येशूने ते कर्ज खोटं किंवा क्षुल्लक म्हटलेलं नाही. पण पहिल्या चाकराला माफ झालेले १०,००० तालांत. एक तालांत सुमारे ६,००० दिनारांचा, म्हणजे एकूण सहा कोटी दिवसांची मजुरी. थोरल्याने मनातल्या मनात गुणाकार केला आणि बराच वेळ काही बोलला नाही. शेतकऱ्याला आकडा कळतो, उपदेश कळेलच असं नाही.

त्यानंतर स्तोत्र ५५ वाचलं. शत्रूने केलं असतं तर सोसलं असतं, पण हा तर माझा जिवलग, असं तिथे सरळ म्हटलंय. १०९ वं तर शापांनीच भरलेलं आहे. मंडळ्यांतून ही स्तोत्रं फारशी वाचली जात नाहीत, आणि मला ते चुकीचं वाटतं. रागाचे शब्द देवापुढे ओकले तर ते भावजयीवर ओकावे लागत नाहीत. इफिसकरांस पत्राच्या ४:३१ मध्ये प्रेषित पौलाने क्रमच लावलाय: आधी कडूपण, मग संताप आणि क्रोध, मग आरडाओरडा, शेवटी निंदा. हा गृहस्थ शेवटच्या पायरीवर पोचला होता. विहिरीवर भावजयीला चारचौघांत शिवी देऊन आला होता, आणि ती ओळ त्याने कागदावर लिहिली नव्हती. मी विचारल्यावर लिहिली.

दुपारी आम्ही विहिरीवर गेलो. जागा पाहिल्याशिवाय असले तंटे सुटत नाहीत. पेटीतल्या स्टार्टरला 'ऑटो' लावलेला होता. तिथे शेतीची थ्री-फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री येते. ऑटो चालू राहिला तर वीज येताच मोटार आपोआप सुरू होते, आणि धाकट्याच्या रानाकडचा वॉल्व्ह उघडा राहिला असेल तर पाणी तिकडेच पळतं. थोरल्याने कपाळाला हात लावला. पण यावरून धाकटा निर्दोष ठरला असं मी म्हटलं नाही, आणि बरं झालं.

मत्तय १८:१५ प्रमाणे आधी दोघांनीच बोलायचं असतं, म्हणून वडील मंडळींना बरोबर नेलं नव्हतं. लोकांसमोर माणूस कबूल करत नाही, बाजू लढवतो. मी बांधावर थांबलो. थोरल्याला एवढंच सांगितलं होतं की पहिलं वाक्य शिवीबद्दलचं असू दे, कापसाचं नंतर. धाकट्याने मग स्वतःहून सांगितलं: पहिल्या दोन रात्री ऑटो राहून गेला, शिवी झाल्यावर मात्र मुद्दाम ठेवला.

क्षमा म्हणजे हक्क सोडणं नव्हे. रोमकरांस १२:१९ सूड सोडायला सांगतं, पाणी सोडायला नाही. "भावावर कोर्टात जाऊ नये" म्हणून करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय लोक तोंडावर फेकतात. तिथे मंडळीतल्या शहाण्याने निवाडा करावा असं पौल म्हणतो, तेव्हा तो निवाडा खरोखर व्हायला हवा. आणि त्याच पौलाने पुढे कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमात विहिरीच्या पाण्याच्या अडवणुकीसाठी तहसीलदाराकडे जाता येतं, मात्र सहा महिन्यांच्या आत; ती मुदतही मी थोरल्याला सांगून ठेवली होती.

जिथे मारहाण आहे, दारू पिऊन अंगावर येणं आहे, तिथे यातलं काही करायचं नाही. दोघांना समोरासमोर बसवायचं नाही. आधी ११२, आधी सुरक्षित जागा. झोप उडालेला माणूस जगण्यात अर्थ नाही म्हणू लागला तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि डॉक्टर, प्रार्थना त्यांच्या जोडीला.

संध्याकाळी वहीच्या पानावर करार झाला. पाळी दिवसांवर न मोजता वीज असलेल्या तासांवर मोजायची, कारण वीज गेली की दिवस फुकट जातो. ऑटो काढून टाकायचा. पाळी संपली की वॉल्व्ह बंद करून दुसऱ्याला फोन. बेचाळीस हजारांपैकी थोरल्याने निम्मे सोडले. उरलेले धाकटा हंगामाच्या विक्रीतून देणार. भावजयीची माफी थोरल्याने तिच्या दारात जाऊन मागितली. तिने "बघू" म्हटलं, आणि त्यापुढे तिला कुणी रेटायचं नाही असं मी बजावलं. दुसऱ्या दिवशी थोरल्याने प्याला घेतला, धाकट्याने नाही घेतला. मार्चनंतर विहिरीचं पाणी उतरतं, तेव्हा दोघांचे तास किती कमी करायचे तो आकडा पानावर आत्ताच घालून घेतला आहे.