दोन्ही ट्रान्समीटर ठीक, तरी ग्लाइड पाथ बंद

पश्चिम किनाऱ्यावरचा विमानतळ, जुलै महिना. रात्रभर झोडपून पाऊस झाला आणि पहाटे ग्लाइड पाथचा, म्हणजे उतरणाऱ्या विमानाला उताराचा कोन दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेचा, अलार्म वाजला. सिग्नलवर सतत नजर ठेवणाऱ्या मॉनिटरने ट्रान्समीटर एक सोडून राखीव दोन घेतला, अलार्म हटेना, मग यंत्रणाच बंद झाली. बरोबरच झालं. कॅटेगरी एकमध्ये (अशा यंत्रणेच्या सर्वांत साध्या दर्जात) चुकीचा ग्लाइड पाथ ६ सेकंदांपेक्षा जास्त हवेत राहता कामा नये. टॉवरला कळवलं, नोटॅम (वैमानिकांसाठीची सूचना) निघाला. धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा लोकलायझर चालू होता, त्यामुळे विमानं जास्त मिनिमा (धावपट्टी दिसायलाच हवी अशी किमान उंची) धरून उतरत राहिली.

देखभालीपुरतं प्रसारण सुरू करून पाहिलं, तर दोन्ही ट्रान्समीटरवर नियर फील्ड मॉनिटरचं (अँटेनासमोर थोड्या अंतरावर उभ्या मॉनिटरचं) रीडिंग सारखंच सरकलेलं, १५० हर्ट्झकडे, म्हणजे ‘उताराच्या रेषेखाली’ या संकेताकडे. अँटेनातूनच नमुना घेणारा इंटिग्रल मॉनिटर मात्र अगदी नॉर्मल. म्हणजे ट्रान्समीटर, केबल, अँटेना सगळं निर्दोष. उरली जमीन.

ग्लाइड पाथचा किरण अर्धा जमीनच घडवते. आमची नल रेफरन्स यंत्रणा, म्हणजे दोन अँटेनांची साधी रचना, सुमारे ३३२ मेगाहर्ट्झची. ३ अंशांच्या उतारासाठी वरचा अँटेना साधारण ८.६ मीटरवर, खालचा त्याच्या निम्म्यावर. ही उंची परावर्तन करणाऱ्या पृष्ठभागापासून मोजायची. मास्टसमोर (अँटेनांच्या खांबासमोर) गुडघ्याच्या वर वाढलेलं गवत पावसाने आडवं झालं होतं, खाली पाणी साचलेलं. पृष्ठभाग ३० सेंटिमीटर वर आला असं धरा: अँटेना ८.३ मीटरवर आला, उतार ३.१ अंश झाला. दूरच्या विमानाला एवढाच फरक, आणि तो वरच्या मर्यादेच्या बराच आत. पण मास्टपासून ८५ मीटरवरच्या नियर फील्ड मॉनिटरची स्वतःची उंचीही ४.४५ वरून ४.१५ मीटर झाली. तो आता २.८ अंशांवर, म्हणजे किरणाच्या ०.३ अंश खाली. त्याच्या दृष्टीने अलार्म खराच.

अशा वेळी मॉड्युलेशन बॅलन्स (९० आणि १५० हर्ट्झ या दोन संकेतांमधला समतोल) जरा सरकवून मॉनिटर शांत करण्याचा मोह फार घातक असतो. ०.३ अंश खाली ओढलेला उतार गवत कापल्यावर २.७ वर येतो, आणि खालची मर्यादा २.७७५ आहे. वरच्या बाजूला ०.३० अंशांची सूट, खालच्या बाजूला फक्त ०.२२५. कारण उघड आहे, खाली जमीन असते.

म्हणून कशालाही हात न लावता गवत कापायला सांगितलं. मास्टपासून मॉनिटरपर्यंत आणि त्याही पुढे, चर मोकळे करून. कापलेलं गवत तिथेच पसरून ठेवू दिलं नाही. ओला ढीग पुन्हा तोच खेळ करतो. ट्रॅक्टर क्रिटिकल एरियात (अँटेनासमोरच्या मोकळ्या ठेवायच्या जागेत) असताना प्रसारण बंदच ठेवलं, कारण त्याचा धातूही किरण वाकवतो.

दुपारी रीडिंग जुन्या नोंदीवर परतलं. पीआयआर (हातात नेता येणारा मोजणी रिसीव्हर) घेऊन ठरलेल्या बिंदूंवर मोजणी केली, दोन्ही ट्रान्समीटरवर जुळली, तेव्हा नोटॅम मागे घेतला.