बॅटरी, मेणबत्ती आणि चार गठ्ठे

सोमवार

दोन चलांतील रेषीय समीकरणांची सुरुवात मोबाइलच्या चार्जिंगपासून. फळ्यावर एवढंच लिहायचं: १० मिनिटांनी ३५ टक्के, २० मिनिटांनी ५० टक्के, ४० मिनिटांनी किती? शून्य मिनिटाचा आकडा मुद्दाम द्यायचा नाही, खरी मेख तिथेच आहे. समचलन मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. वेळ दुप्पट म्हणजे चार्जिंग दुप्पट, म्हणून १०० हे उत्तर हमखास येतं, आणि ते पटण्यासारखं दिसतं. लगेच 'चूक' म्हणू नये. 'याच नियमाने १० मिनिटांनी किती असायला हवं होतं?' असं विचारावं. २५ येतात, फळ्यावर मात्र ३५ आहेत. इथे वर्ग गप्प होतो. ती शांतता मला फार मोलाची वाटते, ती मोडायची घाई करू नये.

मग मुलं फरक पाहू लागतात. दर १० मिनिटांना १५ टक्के वाढ, म्हणून एक पायरी मागे गेलं की सुरुवातीला २०. समीकरण य = २० + १.५क्ष (क्ष म्हणजे मिनिटं, य म्हणजे टक्के), आणि ४० मिनिटांनी ८० टक्के. २० आणि १.५ या दोन्ही आकड्यांची एककं तोंडी वदवून घ्यायची: 'टक्के' आणि 'दर मिनिटाला टक्के'. एकक सांगता आलं नाही, तर रेषेचा चढ कळलेला नाही, आलेख कितीही सुबक असो.

१०० टक्के कधी? सुरुवातीचे २० वजा करून उरलेले ८० भागिले १.५, म्हणजे ५३.३३ मिनिटं. अनेक वह्यांत '५३ मिनिटं ३३ सेकंद' सापडतं. हवं ५३ मिनिटं २० सेकंद. ही समीकरणातली चूक नव्हे, दशांशातली आहे, म्हणून तिची नोंद वेगळी. शिवाय प्रत्यक्षात शेवटच्या टप्प्यात चार्जिंग मंदावतं आणि आलेख वाकतो. हे लपवू नये. रेषेवर कुठपर्यंत भरवसा ठेवायचा, हा प्रश्नही गणिताचाच.

बुधवार

संदर्भ निवडताना एकच कसोटी पुरते: उत्तर चुकलं तर ते त्या प्रसंगावरूनच मुलाच्या लक्षात येईल का? नाव बदललं, वस्तू बदलली आणि काहीच फरक पडला नाही, तर तो संदर्भ नव्हे, नुसती सजावट.

शुक्रवार

तासाची शेवटची ७ मिनिटं, अर्धा कागद, दोन प्रश्न. पहिला: २४ सेंटीमीटरची मेणबत्ती तासाला २ सेंटीमीटर जळते, १५ सेंटीमीटर कधी उरेल? दुसरा कोरडा: ७ + ४क्ष = ३१, क्ष काढा. बॅटरी पुन्हा विचारायची नाही, नाहीतर समजेची नव्हे, पाठांतराची परीक्षा होते.

कागदांचे चार गठ्ठे. दोन्ही बरोबर. कोरडा बरोबर, मेणबत्ती चुकली: अडचण मांडणीत आहे, बहुधा घट असूनही २४ + २क्ष लिहिलेलं असतं. अशा मुलांना आणखी समीकरणं सोडवायला देऊन उपयोग नाही. त्यांच्याकडून आधी तीन-चार ओळींचा तक्ता भरून घ्यावा. मेणबत्ती बरोबर, कोरडा चुकला: तासागणिक वजा करत उत्तर काढलंय, चिन्हांची भाषा अजून परकी आहे. यांना त्यांचाच तक्ता समीकरणात लिहायला लावायचं. दोन्ही चुकले, तर मागची पायरी तपासायची, बहुतेक वेळा ऋण संख्या किंवा भागाकार. आणि हो, साडेचार तासांचं '४ तास ५ मिनिटं' इथेही भेटतं, दशांशाच्या रकान्यात जातं.

शिक्षकाच्या नोंदवहीत गुणांची बेरीज नको. २० पैकी १२ मिळवणारी दोन मुलं अगदी वेगळ्या ठिकाणी अडलेली असू शकतात, बेरजेत ते बुडून जातं. प्रत्येक मुलाची एक ओळ, रकाने चार: मांडणी, सोडवणूक, एकक-दशांश, पडताळा. खूण तीनच: 'स' स्वतः, 'म' मदतीने, रिकामं म्हणजे अजून नाही. रकाने दहा-बारा केले की दुसऱ्या आठवड्यात वही बंद पडते. रकाना उभा वाचायचा: निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या असतील तर दोष मुलांचा नाही, तो भाग वर्गात पुन्हा घ्यायचा. चार-पाचच रिकाम्या असतील तर तेवढ्यांनाच १० मिनिटं बसवायचं.

त्याच दिवशीचा 'स' पेन्सिलीने. तीन आठवड्यांनी नवा संदर्भ, उदाहरणार्थ गळणारी टाकी, देऊन तेच कौशल्य पुन्हा तपासायचं. तेव्हाही जमलं, तरच पेनाने.