कसूर, हाता आणि भटकणं

तुर्की शिकताना एकदम ओळखीचा शब्द भेटला, कुसुर! आपल्याकडे पेपरात 'कर्तव्यात कसूर केल्याने निलंबित' येतं ना, तोच हा, मूळ अरबी, तिकडेही गेला आणि इकडेही आला. तिकडे सॉरी म्हणायला 'कुसुरा बाक्मा' म्हणतात, म्हणजे शब्दशः कसुराकडे बघू नकोस, किती गोड आहे हे!

साधी चूक म्हणजे हाता (हा पण अरबीच), आणि शब्दामागे सिझ किंवा सुझ लावलं की 'शिवाय', म्हणून टायपिंग हातासिझ पण सौंदर्य मात्र कुसुरसुझ. म्हणच आहे त्यांची, हातासिझ कुल ओल्माझ, बिनचुकीचा माणूस नसतोच.

इंग्रजी एररचं मूळ लॅटिनमधलं, अर्थ भटकणं. मग एरर-फ्री म्हणजे न भटकलेला? माझं तुर्की व्याकरण तर रोज भटकतंय.