ग्वाल्हेरची थंडी आणि संत्र्याच्या सालींचं पातेलं

ग्वाल्हेरच्या पौष-माघात घराला एक वास लागतो. धुकं दुपारपर्यंत हलत नाही, पारा चार-पाच अंशांवर येतो, दारं-खिडक्या बंद, आणि आत काय काय कोंडतं! मेथीच्या पराठ्यांचा धूर, दोरीवर वाळता न वाळणारे कपडे, पेटीतून काढलेल्या रजयांना चिकटलेला डांबरगोळ्यांचा दर्प. शहरातल्या लष्कर भागातली जुनी घरं दगडी, भिंती जाड. उन्हाळ्यात त्याचं सुख, पण थंडीत भिंती ओल धरतात आणि ओल वास धरते.

आमच्याकडे आणखी एक अडचण होती. अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दमा आहे. देवापुढे एक उदबत्ती, बस. फवारायचे सुगंध डॉक्टरांनी साफ बंद केलेले. मग पाण्यात मसाले आणि साली घालून मंद आचेवर ठेवायचं मी मनावर घेतलं. आता आमच्याकडे थंडीत हे नेमाने होतं आणि बरीच जणी विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पातेलं चढवण्याआधी खिडकी उघडा. हे मी सगळ्यात आधी सांगते, कारण सुवास वाईट वास घालवत नाही, फक्त त्याच्यावर बसतो. तळणीच्या वासावर दालचिनी चढली की दोन्ही मिळून डोकं उठतं. मी दुपारी ऊन आलं की समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या पंधरा-वीस मिनिटं सताड उघडते, रजया गच्चीवर टाकते, आणि मग संध्याकाळी पातेलं ठेवते. तेव्हाही एक खिडकी बोटभर उघडी असते. गॅस पेटता असताना खोली पूर्ण बंद ठेवायची नाही. आपल्या भागात कोळशाची अंगीठी आत घेऊन झोपल्यामुळे दर थंडीत माणसं गुदमरतात, तेव्हा ही काळजी कुणाला जास्तीची वाटू नये.

आता सामान. संत्री इथल्या बाडा चौकातल्या हातगाड्यांवर डिसेंबरपासून मुबलक. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सहज निघते. कीनू ही संत्र्याचीच एक जात, तिची साल घट्ट आणि पातळ, पण वास तिचा जास्त तिखट, आणि मला तीच आवडते. फळ कोमट पाण्यात चोळून धुवायचं, कारण चमक यावी म्हणून त्यावर मेण लावलेलं असू शकतं. वास असतो तो सालीच्या केशरी भागातल्या बारीक तेलाच्या पिशव्यांत. साल दुमडून समईच्या ज्योतीजवळ दाबली की तडतड ठिणग्या उडतात, त्या ह्याच तेलाच्या. माझ्या मुलीला हे दाखवलं तेव्हापासून घरातली एक साल टाकून दिली जात नाही. आतला पांढरा भाग मात्र चमच्याने खरवडून काढावा. त्याला सुगंध नाही, आणि उकळून उकळून पाणी कडवट वासाचं होतं.

दालचिनी दाल बाजारातून आणते. दुकानदाराने दोन डबे पुढे केले आणि म्हणाला, "भाभीजी, खाने में पतली डालो, महक के लिए ये मोटी ले जाओ." खरं बोलला. पातळ, कागदाच्या गुंडाळीसारखी येते ती श्रीलंकेची, गोडसर आणि सौम्य. जाड, कडक सालीची कॅसिया दणकट वासाची आणि स्वस्तही. पातेल्यासाठी कॅसियाच घ्यावी. तिच्यात कूमारिन, म्हणजे जास्त पोटात गेलं तर यकृताला बाधणारं द्रव्य, बरंच जास्त असतं, तेव्हा हे पाणी काढा म्हणून कुणी पिऊ नये. घरी आलेल्या पाहुण्यांना हे मी आवर्जून सांगते, कारण वास घेऊन पहिला प्रश्न "चहा टाकलाय का" हाच येतो.

बाकी लवंग, एखादं चक्रफूल, तमालपत्र, ठेचलेला आल्याचा तुकडा. वेलदोड्याची टरफलं मी वर्षभर बरणीत साठवते. श्रीखंडाला, लाडवाला दाणे गेले की टरफलात अजून पुष्कळ वास शिल्लक असतो आणि पातेल्यात तो पुरेपूर वसूल होतो. मसाले पूड करून घालू नयेत. पूड तळाशी बसते आणि करपते. अख्खेच घ्यावेत, फक्त बत्त्याने एकदा दाबून तडकवावेत.

खरी मेख क्रमात आणि आचेत आहे. ह्या तेलांचे उत्कलनबिंदू पाण्याच्या कितीतरी वर आहेत. संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन १७६ अंशांवर उकळतं, लवंगेतलं युजेनॉल २५० च्या पुढे. तरी ती शंभराच्या आत वाफेबरोबर निघून येतात. कनौजचे अत्तरवाले शतकानुशतके ह्याच गुणावर जगले. तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी, झाकण मातीने लिंपलेलं, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे ती जिथे साचते त्या भांड्यात, आणि भपका गार पाण्यात. आपल्या पातेल्याला झाकण नाही, म्हणजे सगळं घरच भपका झालं.

पण सगळी तेलं एका वेगाने निघत नाहीत. संत्र्याचं हलकं, ते आधी उडतं. दालचिनी-लवंगेचं जड, ते सावकाश येतं. सगळं एकदम घालून खळाखळा उकळलं तर पहिल्या दहा मिनिटांत संत्रं संपतं आणि नंतर नुसती लवंग उरते. अशा घरात शिरलं की दातांच्या दवाखान्यात आल्यासारखं वाटतं.

म्हणून माझी पद्धत अशी. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात लिटरभर पाणी. ॲल्युमिनियम नको, कल्हई उडालेलं पितळ तर मुळीच नको, सालीत आंबटपणा असतो. त्यात चार बोटं लांब दालचिनी, आलं, चक्रफूल आणि पाच-सहाच लवंगा. लवंगेला हात आखडता ठेवावा, ती सगळ्यांना गिळते. एक उकळी आली की सगळ्यात लहान बर्नरवर घेऊन आच अगदी बारीक. पाण्याला बुडबुडा येता कामा नये, नुसता पृष्ठभाग थरथरावा आणि वाफेचा पातळ धागा निघावा. वीस मिनिटांनी वेलदोड्याची टरफलं, तमालपत्र आणि अर्ध्या साली. उरलेल्या साली आणखी अर्ध्या तासाने, म्हणजे संत्रं पुन्हा वर येतं. गवती चहाची पात असेल तर अगदी शेवटी, कात्रीने कापून. ती आधी घातली तर शिजलेल्या गवताचा वास येतो.

तासाभरात पाणी दोन बोटं तरी खाली जातं. भर घालताना गरम पाणीच घालावं, गार घातलं की वाफ मोडते आणि सुवास पुन्हा धरायला वेळ लागतो. पातेलं गॅसवर ठेवून गच्चीवर किंवा शेजारी जायचं नाही. पाणी आटलं की साली करपतात, आणि तो वास पडद्यांतून निघत नाही. मी स्वयंपाक आवरता आवरता, ओट्याजवळ असतानाच हे करते. गॅस वाचवायचा असेल तर भाकरी झाल्यावर तापलेल्या तव्यावर पातेलं ठेवून द्यावं. त्या ऊबेवर बराच वेळ वाफ टिकते.

अण्णांच्या बाबतीत मी फार सांभाळून पुढे गेले. नैसर्गिक आहे म्हणून दम्याला चालेलच असं नाही, कुठलाही उग्र वास श्वासनलिकेला त्रास देऊ शकतो. सुरुवातीला लवंग वगळून, नुसती साल आणि वेलदोडा, तेही त्यांच्या खोलीचं दार लावून. मग दार उघडं ठेवून. मग एकदा ते स्वतःच काठी टेकत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "सूनबाई, आज संत्रं जास्त आहे, नाही का? असंच ठेव." अण्णांनी असं म्हटल्यावर मला झालेला आनंद लिहून सांगता येणार नाही. चक्रफुलाने त्यांना शिंका येतात, म्हणून ते घरात असले की चक्रफूल नाही.

नणंदबाईंनी कापूर घालायला सुचवलं होतं. कापूर मी घातला नाही आणि कुणी घालू नये असंच म्हणेन. तो चटकन पेट घेतो, त्याची वाफ डोळ्यांना झोंबते, आणि लहान मुलांच्या घरात तर तो हाताच्या उंचीवर असूच नये. बाजारातली सुगंधी तेलंही पातेल्यात नकोत, विशेषतः घरात मांजर असेल तर.

दाट धुक्याच्या दिवसांत पातेलं अर्ध्या तासातच उतरवते. हवेत आधीच दमटपणा असतो, त्यात आपली वाफ गार भिंतीवर जाऊन बसते आणि काचा गळू लागतात. उलट खोलीत हीटर चालू असेल तर हवा कोरडी होते, घसा सुकतो, तेव्हा हीच वाफ बरी वाटते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी थोडा बदल करते. सुंठेचा तुकडा आणि चिमूटभर किसलेलं जायफळ घालते, लवंग दोनच. घरात तिळगुळाचा खमंग वास आधीच असतो, त्याला हे छान लागून जातं. बायका येण्याच्या तासभर आधी पातेलं चढवायचं आणि पहिली सवाष्ण दारात आली की गॅस बंद. गर्दीच्या खोलीत, अत्तरं-गजऱ्यांच्या जोडीला आणखी वाफ सोसत नाही.

उरलेलं पाणी गार झालं की झाकून फ्रिजमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी ताज्या साली घालून पुन्हा एकदा चालतं. त्यापुढे साली बुळबुळीत होतात, त्या खताच्या कुंडीत. संत्र्याचा हंगाम असताना जास्तीच्या सालीही वाळवून ठेवाव्यात. खरवडलेल्या, एकमेकींना न चिकटणाऱ्या, सुपात पसरून उन्हात. मोडताना कडकन आवाज आला की बरणीत भराव्यात. वाकल्या तर अजून ओल आहे, तशाच भरल्या की बुरशी धरते.